कालच्या चटणीचा खाऊ

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. आश्विनातल्या बारशीला, म्हणजे द्वादशीला, दसरा होऊन दोनच दिवस झालेले असताना, दिवेलागणीच्या वेळी, आमच्या स्वतःच्या ओसरीवर, गावातल्या पोरींच्या देखत. कुणी केला तेही सांगतो. माझ्या मोठ्या मायनं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या बायकोनं केला, आणि माझ्या सख्ख्या मायनं तिथंच बसून तो होऊ दिला. घरातली गोष्ट घरात ठेव, असं मला पुष्कळांनी सांगून पाहिलं. घरातलं घरात ठेवल्यामुळंच अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालतात, म्हणून मी ठेवणार नाही.

गुन्हा काय होता? आदल्या दिवशीची उरलेली चटणी वहिनीनं फेकून दिली नाही. एवढाच.

आमचं गाव देवळीपासून बैलगाडीच्या वाटेवर. जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. माझा दादा पुलगावला कापडाच्या गिरणीत कामाला होता आणि सुटीपुरता घरी येई. घरात बाबा, माय, मी, माझी धाकटी बहीण आणि वहिनी. मोठ्या मायचं घर आमच्या घराला लागून, मधे एकच भिंत. वाटण्या झाल्या होत्या, शेतं वेगळी होती, चुली वेगळ्या होत्या. हुकूम मात्र एकाच बाजूनं सुटत, आणि ते भिंतीच्या पलीकडून.

चटणी उरायची कारण बाबांचा एक नेम होता. दारावरून जाणारा माणूस, मग तो वाट चुकलेला असो की ओळखीचा असो, भाकर आणि चटणी घेतल्याशिवाय पुढे जायचा नाही. कोण येईल हे आधी ठाऊक नसल्यामुळे चटणी नेहमी जास्तीच व्हायची. चटणी म्हणजे भेदराची. परसात भेदराची झाडं होती. शहरात लोक ज्याला टमाटर म्हणतात तेच हे, पण बारकं, सुरकुतलेलं आणि चांगलं आंबट. माय ते निखाऱ्यावर टाकी. साल काळी पडून तडकली की काढी, त्याच निखाऱ्यावर हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या अख्ख्या कांड्या भाजी, मग मीठ आणि मूठभर सांबार घालून पाट्यावर सगळं ओबडधोबड वाटी. सांबार म्हणजे हिरवी कोथिंबीर. हे वाटण सुरू झालं की गल्लीतून जाणाऱ्याची चाल आपोआप हळू होई.

आणि संध्याकाळी काय होई? उरलेली चटणी उकिरड्यावर. रात्र ओलांडलेली चटणी आमच्या घरी खाल्ली जात नसे. ती शिळी. ती देवाला नको, पाहुण्याला नको, घरच्यांनाही नको. भाकर शिळी चाले, उलट ताकात कुस्करून ती आवडीनं खाल्ली जाई. वरण शिळं चाले. चटणी मात्र चालत नसे. का चालत नसे, हे मी मायला विचारलं होतं. आपल्यात चालत नाही, असं तिनं सांगितलं. आमच्या घरात अर्ध्याहून अधिक प्रश्नांची उत्तरं याच तीन शब्दांत मिळत.

वहिनी आली आणि हे बदललं. तिनं बदलतेय असं म्हटलं नाही, कुणाची परवानगी मागितली नाही आणि कुणाशी वादही घातला नाही. उरलेली चटणी उकिरड्यावर नेण्याचं काम सुनेचं होतं. ती वाडगं घेऊन मागल्या दारानं जाई आणि वाडगं घेऊनच परत येई. त्यात चटणी तशीच असे, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी ती कुठं जाई, हे ओळखायला आम्हाला बरेच दिवस लागले. सकाळच्या ज्वारीच्या कण्या पूर्वी नुसत्या ताकात शिजत. त्यांना एकाएकी चव आली. वहिनी बोटभर जवसाच्या तेलात आदल्या दिवशीची चटणी परतून घेई, तिचं पाणी आटून तेल कडेला सुटू देई आणि मग शिजलेल्या कण्या त्यात ओती. बाबा ताट पुसून खाऊ लागले. वरणाला जिऱ्या-मोहरीची फोडणी असे, तिच्यात एक चमचा चटणी पडू लागली आणि चिंच घालायची गरज उरली नाही. वांग्याला चार चिरा देऊन आत दाण्याच्या कुटाबरोबर तीच भरलेली असे. चटणी फारच थोडी उरली असेल तेव्हा ती बेसनात कालवून तव्यावर पातळ धिरडी घाली, आणि माझी बहीण ती तव्याशेजारी उभं राहूनच संपवी. तुरीची डाळ भिजवून, भरडून, वाफवून फुणके होत. त्या भरडलेल्या डाळीत चटणी गेली की फुणके कोरडे लागत नसत, आणि घशाखाली उतरवायला कढीची वाट पाहावी लागत नसे. अंबाडीची भाजी आंबटच, तिच्यात ही आंबट चटणी ती कधी घालत नसे. तिथं नुसत्या मिरच्या निवडून घाली. हे मी मुद्दाम लिहितो आहे. उरलं म्हणून कशातही ढकललं असं ते नव्हतं. कुठं जाईल आणि कुठं जाणार नाही, याचा तिच्या मनात पक्का विचार होता.

मी त्या काळात तरुणांच्या एका मंडळात होतो. आम्ही पत्रकं काढत असू, गावोगाव वाटत असू, बाजाराच्या दिवशी देवळीला खोक्यावर उभं राहून ओरडत असू. धान्याची टंचाई होती, म्हणून एक पत्रक मी अन्नाच्या नासाडीवर लिहिलं होतं. त्यात 'राष्ट्र' हा शब्द पुष्कळदा होता. वहिनीला ते वाचून दाखवलं. ती ज्वारी पाखडत होती, तिनं सूप न थांबवता सगळं ऐकलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "कागद चांगला जाड हाय. यात चटणी बांधून वावरात नेली तं गळणार नाई."

मला राग आला, आणि मग हसूही आलं. गठ्ठ्यातली वरची दोन-चार पत्रकं ती खरोखरच घेऊन गेली. खरं सांगायचं तर त्या पत्रकाचा सगळ्यात उपयोगी वापर तोच झाला असावा. पत्रकात मी जे करा म्हणून ओरडत होतो ते माझ्या घरात एक बाई रोज करत होती, आणि तिनं त्याला नावसुद्धा दिलेलं नव्हतं. माझ्या मनात तिच्याविषयी आदर तिथून सुरू झाला. त्याआधी ती माझी वहिनी होती आणि चांगला स्वयंपाक करत होती, एवढंच मला दिसत होतं.

आता त्या बारशीकडे येतो.

भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. ती पोरींची देवी. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमतात, गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खाऊ. पण खाऊ असा हातात येत नाही. ज्या घरची पाळी असेल त्या घरची बाई झाकलेला डबा आणते, हलवून दाखवते, आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, विचारत विचारत जायचं. ओळखलं तर पोरी जिंकल्या. नाहीच जमलं तर साऱ्याजणींनी 'हारलो' म्हणायचं, मग डबा उघडतो. आमच्या गावच्या पोरींचा यात एक नियम होता. डबा उघडल्यावर त्या घरच्या बाईनं खोटं बोलायचं नाही. काय आहे आणि कशाचं आहे, विचारलं तर खरं सांगायचं. सगळ्या बाया लहानपणी हा खेळ खेळलेल्या, त्यामुळे हा नियम कुणी मोडत नसे.

त्या वर्षी भुलाबाई आमच्या ओसरीवर बसली होती, आणि बारशीला पाळी आमचीच होती. माय म्हणाली होती, दाणे भाजून दे. वहिनी म्हणाली, दाणे तर पोरी डबा न हलवताच ओळखतील. मग तिनं दुपारभर खपून काहीतरी केलं. ज्वारीचं पीठ घेतलं, तीळ घेतले, आदल्या दिवशीची चटणी कोरड्या तव्यावर आटवून घट्ट केली आणि तिच्यातच पीठ मळलं, पाण्याचा थेंब न घालता. पातळ लाटलं, बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या आणि तेल न लावता तव्यावर मंद जाळावर कडक शेकल्या. मी चुलीजवळून दोन उचलल्या. तिसरी उचलताना तिनं माझ्या हातावर उलथनं मारलं.

संध्याकाळी पोरींची गाणी झाली आणि वहिनीनं पितळी डबा आणला. आवाज खडखड आला.

"शेंगदाणे!" "फुटाणे!" "खारोड्या!"

"नाई. नाई. नाई."

"गोड का तिखट?"

"तिखट. आंबटही हाय."

"तळलं का?"

"तेलाचा थेंब नाई."

आता पोरी गोंधळल्या. तेल नाही आणि खडखडतं, तिखट आणि वर आंबट. शेव म्हणून झालं, पापड म्हणून झालं, वाळवलेल्या कैऱ्या म्हणून झालं. एकीनं चिंचोके म्हटलं आणि बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. ओसरीच्या कडेला बसलेल्या बायाही ओळखू लागल्या आणि त्याही हरल्या. इतका वेळ टिकलेला खाऊ मी तरी पाहिला नव्हता. आमच्या गावात डबा आणणाऱ्या बाईचा हा मोठाच मान. माय गालातल्या गालात हसत होती. सुनेचं कौतुक तोंडानं करण्याची आमच्याकडे रीत नाही, पण त्या क्षणी तिचा चेहरा मी पाहिला आहे.

शेवटी पोरी ओरडल्या, "हारलो!"

डबा उघडला. पट्ट्या वाटल्या गेल्या आणि ओसरीवर नुसता कडकड आवाज सुरू झाला. ज्या पोरी सगळ्यात जास्त मागत होत्या त्यांत मोठ्या मायची नात होती. तिनंच तोंड भरलेलं असताना विचारलं, "पण काकू, हे कशाचं होय?"

वहिनी खोटं बोलू शकली असती. भेदराचं, एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. पण पोरीनं नियमानं विचारलं होतं आणि वहिनीनं नियमानं सांगितलं. "ज्वारीचं पीठ, तीळ, अन् कालची चटणी."

मोठी माय खांबाला टेकून बसली होती. ती उठली. "कालची?"

"हो, मोठ्या आत्याबाई."

"भुलाबाईपुढं शिळं ठेवलं तुनं?"

मोठ्या मायनं नातीच्या हातातला तुकडा घेतला, वहिनीच्या हातातला डबा घेतला, अंगणाबाहेर गेली आणि नालीत उलटा केला. मग ओसरीवर येऊन, पोरींना ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं निकाल दिला. या बाईचा हात आता चुलीला लागायचा नाही. कोजागिरीला नवरा येईल तेव्हा त्यानं हिला माहेरी नेऊन सोडावं, आणि नीट रीतभात शिकली असं वाटेल तेव्हा बोलावणं पाठवू.

मी उठून उभा राहिलो. भुलाबाई म्हणजे कोण, असं मी विचारलं. भिल्लीण झालेली पार्वती. रानात राहिलेल्या बाईला रात्रीच्या चटणीचा विटाळ होतो, हे कोणत्या पोथीत लिहिलं आहे? भाषण करायची सवय होती, त्यामुळे माझा आवाज चढला.

मोठी माय माझ्याकडे वळलीही नाही. "तू आपले कागदं वाट. बायकांच्या खेळात काऊन घुसून राह्यला?"

काही पोरी खुदकन हसल्या. बाजारात शेकडो माणसांपुढे बोललेला मी, त्या एका वाक्यानं खाली बसलो. आणि माय गप्प राहिली. मोठ्या जावेपुढं ती आयुष्यात कधी बोललेली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही.

माहेर म्हणजे काय, हे वहिनीच्या बाबतीत समजून घ्या. तिचं माहेर आर्वीकडे. वडील नाहीत. आई स्वतःच्या भावाकडे आश्रयाला, त्याच्या पडवीत. तिथं परत पाठवलेली मुलगी म्हणजे त्या पडवीत आणखी एक तोंड. 'रीतभात शिकली असं वाटेल तेव्हा' म्हणजे कधी, हे ठरवणार मोठी माय. आमच्याच गावात एक अशी सून गेली होती. तिला बोलावणं गेलं ते नवऱ्याचं दुसरं लग्न होऊन गेल्यावर. त्यामुळे हे माहेरी सोडणं चार दिवसांचं आहे, असं मला कुणी सांगू नये.

दुसऱ्या दिवसापासून चूल मायनं घेतली आणि वहिनी कापूस वेचायला गेली. पहिलीच वेचणी होती. गोंडटोल्यावरच्या, म्हणजे गोंडांच्या वस्तीवरच्या, बाया आमच्या वावरात येत, त्यांच्या रांगेत ती उभी राहिली. मी शिदोरी घेऊन गेलो तेव्हा त्या बायांना सगळं कळलं होतं. गावात काय झालं हे वावराला नेहमी आधी कळतं. त्यांच्यातली एक म्हातारी ओटीत कापूस भरता भरता म्हणाली, त्यांच्या घरी चटणी उरली की तिची आई विचारत असे, आज कोण जेवलं नाही? वहिनी हसली. बारशीनंतर ती हसलेली मी तेव्हाच पाहिली. मी तिला म्हटलं, दादाला आजच निरोप धाडतो, या मोठ्या मायवर पत्रक काढतो, गावात वाटतो.

"नोको," ती म्हणाली. "कागदानं चूल परत भेटत नाई, भाऊजी. जिनं नेली तिनंच आणून द्यावं लागते."

घरी काय चाललं होतं ते मी डोळ्यांनी पाहत होतो. बाबांपुढे सकाळी कण्यांचं ताट आलं. बाबांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "आज यात काय नाई?"

"मीठ हाय," माय म्हणाली.

बाबांच्या ताटात अर्ध्या कण्या तशाच राहिल्या. माझ्या बहिणीनं वरणाला तोंड लावून सोडून दिलं. तिला मायनं धपाटा घातला. चटणी रोजच्यासारखी झाली, रोजच्यासारखी उरली आणि मायनं ती पुन्हा उकिरड्यावर नेली. परत येताना तिच्या हातात रिकामं वाडगं होतं आणि चेहरा असा की ती स्वतःलाच काहीतरी सांगते आहे.

कोजागिरीच्या सकाळी मी मागल्या ओट्यावर पत्रकांच्या घड्या घालत बसलो होतो. दादा दुपारच्या गाडीनं यायचा होता. त्याच्यासाठी माय कढी करत होती. तेव्हा मी पाहिलं. मायनं आधी दाराकडे पाहिलं, भिंतीच्या पलीकडे कान दिला, फडताळातून झाकलेलं वाडगं काढलं आणि आदल्या दिवशीच्या चटणीतली थोडी उकळत्या ताकात ओतली.

'शिळं' म्हणून जिचा डबा नालीत उलटा झाला, तिचीच सासू चोरून तेच करत होती! मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायची वेळच आली नाही, कारण कढी फाटली. एकदम. वर पिवळसर पाणी, खाली चोथा, मधे भेदराच्या सालीचे लाल तुकडे. माय पळी हातात घेऊन पाहत राहिली.

वहिनी वावरात जायला निघाली होती. मायनं तिला हाक मारली. "ये वं. हे पाह्य काय झालं."

वहिनी आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. भांड्यात काय आहे ते तिला तिथूनच दिसलं. चटणी आधी तेलात कोरडी करायची, म्हणाली. मग तिच्यात बेसन भाजायचं. मग गार ताक थोडं थोडं ओतायचं आणि पळी थांबवायची नाही. एक उकळी आली की खाली. तिनं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

"मंग तूच कर," माय म्हणाली.

"मी चुलीले हात लावत नाई, आत्याबाई."

"मी सांगून राह्यली ना."

"तुमी चुलीपाशी सांगून राह्यल्या," वहिनी म्हणाली. आवाज शांत होता, पण मी इतकी वर्षं भाषणं केली आणि ऐकली, इतकं ठाम वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. "बारशीले ते पोरींसमोर झालं होतं. तिथंच म्हणा. नाई तं मी माहेरी जातो, ते आले की."

आणि ती कापूस वेचायला निघून गेली.

विचार करा. पडवीतलं माहेर समोर दिसत असताना, सासू स्वतः चूल परत देत असताना, तिनं ती मागल्या दारानं घेतली नाही. माझ्यात हे धैर्य नव्हतं आणि मी त्या घरचा मुलगा होतो. आम्ही व्यासपीठावरून हक्क हा शब्द वापरतो. तो कसा मागायचा, हे त्या सकाळी त्या उंबऱ्यावर मी शिकलो.

दुपारी दादा आला. मोठ्या मायनं त्याला अंगणातच गाठून सगळं सांगितलं, आणि दादानं, जसं तो नेहमी करतो तसं, मान खाली घालून ऐकून घेतलं. माझा दादा वाईट माणूस नाही. पण बायकोसाठी आवाज काढायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मला त्या दुपारी त्याचा राग आला होता आणि अजूनही थोडा आहे.

कोजागिरीला भुलाबाईचा शेवटचा दिवस. प्रत्येक घरून डबा येतो. सूर्य मावळायच्या आतच पोरी जमल्या, बाया जमल्या, मोठी माय खांबाला टेकून तिच्या जागी बसली. वहिनी वावरातून येऊन मागं, दाराशी उभी होती, आणि आत तिचं गाठोडं बांधलेलं होतं. एकेक डबा वाजत होता, पोरी ओळखत होत्या. मग माय उठली. तिच्या हातात तोच पितळी डबा. आत काय असणार, हे सगळ्या ओसरीला कळलं. वाजवला तेव्हा आवाज जाड आला, कारण पट्ट्या जाड लाटल्या गेल्या होत्या. एकही पोर ओळखायला पुढे येईना. सगळ्या मोठ्या मायकडे पाहत होत्या.

"म्हणा की," माय म्हणाली.

शेवटी माझ्या बहिणीनं म्हटलं, "हारलो."

मायनं झाकण काढलं. "कालच्या चटणीचं हाय," ती म्हणाली. "मी केलं. मले जमलं नाई, कडक झालं. माह्या सुनेचं चांगलं होते. बारशीले चांगलं होतं. ते नालीत जायले नोको होतं." एवढं बोलून ती थांबली, मग दाराकडे वळली. "उद्यापासून चुलीपाशी तू राह्य."

मोठी माय उठून भिंतीच्या पलीकडे गेली. तिनं काही मान्य केलं नाही, क्षमा तर सोडाच. तिची नात मात्र गेली नाही. तिनं मायच्या जाड पट्ट्या घेतल्या, दातांनी मोडल्या आणि कडकड वाजवत खाल्ल्या. दादानं आत जाऊन गाठोडं सोडलं. तेवढं त्यानं केलं.

गोष्ट इथं गोड झाली, असं वाटत असेल तर पुढचं ऐका. या गोष्टीला चार-पाच वर्षं झाली. आता भिंतीच्या पलीकडच्या घरातही चटणी उकिरड्यावर जात नाही. कण्यांत जाते, धिरड्यात जाते, वांग्यात भरली जाते. गेल्या पोळ्याला त्यांच्याकडे देवळीचे पाहुणे होते, मी पंगतीला होतो. पाहुण्यांनी कढीची तारीफ केली. कढी फाटलेली नव्हती. चटणी आधी कोरडी केलेली, बेसन तिच्यात भाजलेलं. मोठी माय म्हणाली, ही आमच्या घराण्याची जुनी रीत आहे, सासूबाईंपासून चालत आली. मी ताटावरून मान वर केली. वाढायला आलेली वहिनी माझ्यामागे उभी होती, तिनं वाडग्याची कड माझ्या खांद्याला हलकेच लावली, म्हणजे गप्प बसा. पंगतीत मी गप्प बसलो. इथं बसणार नाही. डबा नालीत टाकणं हा एक अन्याय झाला, आणि रीत आपली म्हणून सांगणं हा दुसरा. पहिल्याचं परिमार्जन मायनं केलं, दुसऱ्याचं अजून कुणी केलेलं नाही.

तिचं नाव मी लिहीत नाही, कारण तिनं तसं बजावलं आहे. ते मी पाळतो. पण तुमच्या घरातल्या बाईनं तुम्हाला असं बजावलेलं नाही. तेव्हा हे वाचून कागद घडी घालून ठेवू नका. आज जेवायला बसाल तेव्हा ताटातलं जे तुम्हाला आवडतं ते कुणी सुरू केलं, हे विचारा. 'आमच्याकडं असंच करतात' हे उत्तर घेऊ नका, पुन्हा विचारा. आणि जिनं सुरू केलं तिचं म्हणून ते सांगा, तिच्या तोंडावर आणि चार माणसांत. चुलीपाशी हळूच सांगितलेलं मी धरणार नाही.